माहेराच्या कागदावर लेकीचं नाव

आमच्या घराचा सोपा मी नऊ वर्षांची असल्यापासून सारवत आले. शेण पाण्यात कालवायचं, त्यातल्या काड्या हातानं वेचून टाकायच्या आणि आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करायची. हात अर्धगोल फिरवायचा, एका फेरीच्या कडेवर दुसरी फेरी चढवायची. थर जाड झाला की वाळल्यावर पोपडे धरतात, पातळ झाला की खालची माती दिसते. हे प्रमाण आईनं कधी शब्दांत सांगितलं नाही, ते हातालाच कळत गेलं. आणि सारवताना मागं मागं सरकत यायचं, ओल्यावर पाय पडता कामा नये. त्यामुळं सारवणारी बाई सरकत सरकत शेवटी उंबऱ्याबाहेर येते आणि भुई सुकेपर्यंत बाहेरच बसते. मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही कितीतरी दुपारी अशा दाराबाहेरच्या पायरीवर काढल्या. शेणानं भरलेले हात अंगापासून लांब धरून, आत कुणी पाय टाकू नये म्हणून राखण करत.

घर सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. पुढं सोपा, मग माजघर, डाव्या हाताला चूल, मागं परडं. माजघराच्या भिंतीत बळद होतं, धान्य साठवायची पोकळ जागा. त्यात उतरून तळाची ज्वारी काढायचं काम धाकटीचं, कारण त्या तोंडातून तीच आत मावायची. बाहेर आली की पापण्यांपर्यंत पांढरी व्हायची. पावसाळ्याआधी कौलं परतायला अण्णा आणि दादा छपरावर चढत आणि खाली आम्ही दोघी कौलं झटकून, पुसून त्यांच्या हातात देत असू. दिवाळीआधी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, ते काम पूर्ण आमचं. न्हाणीचं पाणी परड्यातल्या केळीला जायचं, तो पाट दर पावसाळ्यात बुजायचा आणि दर श्रावणात मी तो मोकळा करायची.

बालपणीच्या घरांवरचे लेख दिवाळी अंकांतून दरवर्षी येतात आणि मी ते आवडीनं वाचते. कुणाचं कोकणातलं खळं, कुणाच्या पुण्याच्या वाड्यातला हौद, कुणाची गिरगावातली दोन खोल्यांची चाळ. वाचताना डोळे भरून येतात. पण त्या घराच्या कागदावर कुणाकुणाची नावं होती आणि आज कुणाचं उरलं आहे, हे त्या लेखांत फारसं येत नाही. माहेराच्या आठवणींबद्दल बोलायचं तर हा प्रश्न आधी यायला हवा, असं माझं मत आहे. कारण या महाराष्ट्रात लाखो बायकांकडून त्यांच्या बालपणीच्या घरावरचा हक्क त्याच घराच्या मायेचं नाव पुढं करून सोडवून घेतला जातो. त्याला आपण रीत म्हणतो. ती थांबली पाहिजे.

आमचंच सांगते. अण्णा १९९८ साली गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगायला लागले आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणालं, सगळी जमलीच आहेत तर कागदाचंही उरकून घ्या, परत परत कोण येणार. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. दोन दिवसांनी आम्ही तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेलो. दस्तलेखकानं हक्कसोडपत्र आधीच तयार ठेवलं होतं. धाकटीच्या कडेवर सहा महिन्यांचा मुलगा होता. तो रडत होता म्हणून तिची सही आधी घेतली. मग माझी. मी बारावीपर्यंत शिकलेली, पण तो कागद मी वाचायला मागितला नाही. मागितला असता तर दादावर माझा विश्वास नाही असा त्याचा अर्थ झाला असता, आणि बाप जाऊन पंधरा दिवस झालेले असताना तसा अर्थ कोण होऊ देईल? कागदात काय लिहिलं होतं ते मी कित्येक वर्षांनी वाचलं. नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता. सह्या झाल्यावर दादानं आम्हा दोघींना साड्या घेतल्या. माझी मोरपंखी, काठाला जर. ती अजून माझ्या कपाटात आहे.

माझा दादा वाईट माणूस नाही. अण्णांच्या आजारपणात रात्र रात्र जागला तो. दर भाऊबीजेला स्वतः येऊन मला घेऊन गेला. म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतं. वाईट भावांसाठी कोर्ट आहे. चांगल्या भावांच्या घरांतही जे घडतं, त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणत होता, ते आता बघू. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. त्याआधी हिंदू कोड बिलाच्या मसुद्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या राव समितीनं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढं रेटलेल्या मसुद्यात तो बरोबरीचा झाला. ते बिल रखडलं आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक होतं. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी, मुलगा, विधवा आणि आई यांना सारखा हिस्सा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मिळणारा हक्क मात्र मुलग्यांचाच राहिला. आणि राहत्या घरासाठी त्या कायद्यात एक वेगळं कलम होतं, २३ वं. बापाच्या पश्चात घरात कुटुंब राहत असेल तर मुलीला त्या घराची वाटणी मागता येत नव्हती. भाऊ आपसांत वाटण्या करतील तेव्हाच तिचा वाटा मोकळा व्हायचा. तोवर तिला राहण्याचा हक्क, पण तोही केव्हा? ती अविवाहित असेल, विधवा असेल, नवऱ्यानं टाकलेली असेल किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर. सुखानं नांदणाऱ्या मुलीला बापाच्या घरी एक रात्र राहायचा हक्क कायद्यानं दिला नव्हता. शेत, दागिने, बँकेतले पैसे यांसाठी असं कलम नव्हतं. फक्त घरासाठी होतं. कायदा लिहिणाऱ्यांच्याही मनात बालपणीचं घर म्हणजे भावाचं घर असंच असावं.

महाराष्ट्रानं १९९४ मध्ये त्यात सुधारणा केली. २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगीही जन्मानं हिस्सेदार झाली. पण त्या तारखेआधी जिचं लग्न झालं होतं, तिला वगळलं. आता आमच्या घराकडे बघा. माझं लग्न १९९१ मध्ये झालं, धाकटीचं १९९६ मध्ये. म्हणजे एकाच पायरीवर बसून सारवण सुकायची वाट पाहिलेल्या दोन बहिणींपैकी धाकटीला वडिलोपार्जित घरात दादाच्या बरोबरीचा, जन्मजात हिस्सा होता. माझा तेवढा नव्हता, अण्णांच्या वाट्यातला काय तो. १९९८ च्या त्या दुपारी कचेरीत हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. दस्तलेखकानं नाही, सही घेणाऱ्या कारकुनानं नाही. धाकटीनं काय सोडलं हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि कागदावर तरी स्वखुशीने असा शब्द होता.

पुढं ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रानं देशभरच्या मुलींना हा जन्मजात हक्क दिला आणि ते कलम २३ काढून टाकलं. बाप त्या तारखेला हयात हवा की नको यावर पंधरा वर्षं वाद चालला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला, हक्क जन्मानं येतो, बाप हयात असण्याची अट नाही. कायद्याच्या पातळीवर लढाई जिंकली. पण ज्यांनी आधीच नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र करून दिलं होतं, त्यांच्या हाती या निकालानं काही आलं नाही. आणि नवा निकाल आला तरी नवी हक्कसोडपत्रं होतच आहेत. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडायला महाराष्ट्रात मुद्रांक लागतो काही शे रुपयांचा. हक्क मागायचा तर वकील, दावा, वर्षानुवर्षं तारखा. सोडायचा तर एक दुपार आणि एक साडी.

धाकटी २००४ मध्ये परत आली. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला होता. बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा, एक ट्रंक आणि शिवणयंत्र. दादानं तिला घरात घेतलं. परड्याकडची खोली, जिथं पूर्वी गोवऱ्या आणि सरपण असायचं, ती रिकामी करून दिली. वहिनीनं कधी जेवणाला कमी केलं नाही. गावात सगळे म्हणाले, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मीही म्हणाले.

मग एकदा मी सुट्टीला गेले असताना पाहिलं. मुलाचं दप्तर खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर होतं आणि ओल लागून खालची वही भिजली होती. मी म्हटलं, अगं, भिंतीला खिळा मारून अडकव की. धाकटी म्हणाली, "वहिनीला विचारलंय आक्का. दादा आल्यावर बघू म्हणाली." मुलाचं दप्तर अडकवायला एक खिळा! ज्या भिंती तिनं लहानपणी दरवर्षी पोतारल्या, ज्या भिंतीतल्या बळदात तिच्याशिवाय कुणी मावत नव्हतं, त्या भिंतीत खिळा ठोकायला ती परवानगीची वाट पाहत होती. वहिनी तिला नाही म्हणाली नव्हती. दादाही नाही म्हणाला नसता. पण विचारावं लागतं, आणि दोन दिवस थांबावं लागतं, यातच सगळं आलं. नवऱ्यानं टाकलेल्या मुलीला त्या जुन्या कलम २३ नंसुद्धा राहण्याचा हक्क दिला होता. तो तिनं १९९८ साली, कडेवरचं पोर रडत असताना, सही करून सोडला होता.

बहिणीचा वाटा म्हटला की लोकांना बहीण घर विकायला निघाली असं दिसतं. मला मात्र तो खिळा दिसतो. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायकांना वाटा नकोच आहे विकायला. ज्या दिवशी सासरचं दार बंद होईल, त्या दिवशी माहेरच्या दारात उपकाराखाली वाकून उभं राहावं लागू नये, एवढं त्यांना हवं असतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ज्यांच्या खटल्यामुळं केरळच्या सिरियन ख्रिश्चन बायकांना समान वारसा मिळाला, त्या मेरी रॉय यांचीही सुरुवात अशीच होती. संसार मोडल्यावर त्या मुलांना घेऊन वडिलांच्या उटीच्या घरात राहायला गेल्या आणि भावानं ते घर सोडायला सांगितलं. धर्म वेगळा, प्रांत वेगळा, पण बाईला हक्काची आठवण कधी करून द्यावी लागते ती वेळ तीच.

याच्या विरोधात जे बोललं जातं ते मी आयुष्यभर ऐकत आले. काहींत तथ्य आहे, काहींत नाही.

पहिलं म्हणजे लग्नात खर्च केला, हुंडा दिला, तोच तिचा वाटा. हुंडा घेणं आणि देणं १९६१ पासून गुन्हा आहे, तो गुन्हा वाट्याची पावती म्हणून कसा चालेल? शिवाय तो पैसा मुलीच्या हातात जात नाही, सासरच्या हातात जातो. आणि दादाच्या लग्नाचा खर्च, त्याच्या शिक्षणाचा, शहरातल्या खोलीच्या भाड्याचा खर्च कुणी त्याच्या वाट्यातून वजा केलेला मी तरी पाहिला नाही.

दुसरं, आईबापांना भाऊ सांभाळतो. हे बऱ्याच घरांत खरं आहे आणि त्याचं मोल झालं पाहिजे. माझ्या दादानं सांभाळलं, मी लांबून पैसे पाठवले, ते आणि हे सारखं नाही. पण मग तसा हिशोब उघड करावा. जो सांभाळेल त्याला जास्त वाटा, असं आईबापांनी जिवंतपणी लिहून ठेवावं, मुलगा असो की मुलगी. कितीतरी घरांत शेवटची वर्षं मुलीकडेच निघतात आणि कागद मात्र तिथंही मुलाच्याच नावाचा होतो. तेव्हा सांभाळण्याचा मुद्दा कुणी काढत नाही.

तिसरं, तुकडे पडतात. घर चार खणांचं, त्यात बहिणींचे वाटे पाडले तर उरतं काय? मी यावर खूप विचार केला आहे. तीन भाऊ वाटण्या करतात, माजघरात भिंत घालतात, एकाच चुलीच्या तीन चुली होतात, तेव्हा तुकडे पडले म्हणून कुणी भावाला हक्क सोडायला सांगत नाही. तुकड्यांची काळजी बहिणीच्या वेळीच आठवते. दुसरं असं की हिस्सा असणं म्हणजे भिंत घालणं नव्हे. नावं एकत्र राहू शकतात, राहण्याचा हक्क वेगळा लिहिता येतो, भावाला घर हवं असेल तर तो बहिणीच्या वाट्याची किंमत हप्त्यानं देऊ शकतो. मार्ग आहेत. ते शोधायला लागत नाहीत, कारण सही फुकट मिळते.

गोव्याकडे पाहून मात्र मी थोडी थांबते. तिथं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलींना मुलांच्या बरोबरीचा वाटा आहे आणि आपल्या हिश्शाच्या अर्ध्या भागापलीकडे बापाला मृत्युपत्रानं मुलांना डावलता येत नाही. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ही व्यवस्था कायम राहिली. पण त्याच गोव्यात वारसांची यादी लांबत गेल्यानं कुलूप लावून पडलेली मोठाली घरंही आहेत. एक वारस मुंबईत, एक पोर्तुगालमध्ये, एक इंग्लंडमध्ये, आणि सह्या गोळा होत नाहीत म्हणून छप्पर पडतं. तुकड्यांची भीती अगदीच खोटी नाही, हे मी मान्य करते. पण आमच्या भागातली बंद घरं मी मोजली आहेत. माझ्या गल्लीत सात. ती सगळी एकेका भावाच्याच नावावर आहेत. भाऊ पुण्याला, मुंबईला गेले म्हणून ती बंद पडली. बहिणींची नावं काढून टाकल्यानं घर उघडं राहतं असा अनुभव नाही.

चौथं, वाटा मागितला की माहेर तुटतं. यावर मला राग येतो आणि रडूही येतं, कारण हे खरं आहे. वाटा मागणाऱ्या बहिणीला राखीला बोलावणं येत नाही, मुलांच्या लग्नाची पत्रिका येते पण फोन येत नाही. पण मग हे माहेर होतं कसलं, जे तिनं स्वतःचं म्हटल्याबरोबर तुटलं? तोडतो कोण, मागणारी की न देणारा? आपण दोष मागणारीला देतो. बायका हे ओळखून असतात, म्हणून शंभरातल्या बहुतेक जणी मागतच नाहीत, आणि आपण त्याला बहिणीची माया म्हणतो. सासरचे लोक सुनेला पुढं करून माहेरचा वाटा मागायला लावतात, असंही घडतं, मी पाहिलं आहे. तिथंही त्या बाईच्या स्वतःच्या नावावर काही राहत नाही, वाटा एका घरातून दुसऱ्या घरात जातो. दोन्हीकडे ती नुसती सही करणारी.

बायकांच्या नावासाठी काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावलं. ती या राज्यातली मोठी गोष्ट होती. पुढं सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याची योजना आली, ग्रामपंचायतीत घर पतीपत्नी दोघांच्या नावे करण्याची मोहीम झाली. २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण यातल्या योजना बघा, जवळपास प्रत्येकीत ती बायको आहे. तिचं नाव लागतं ते नवऱ्याच्या घरावर, नवऱ्याच्या संमतीनं. बहिणीचं नाव बापाच्या घरावर टिकवा, अशी मोहीम मी आजवर एकाही गावाच्या भिंतीवर रंगवलेली पाहिली नाही. शेतीच्या सातबाऱ्यावर भावांची नावं कब्जेदार म्हणून आणि बहिणींची 'इतर हक्क' या रकान्यात, हेही आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं.

आणि आत्ताच हे बोलायला हवं, त्याला कारण आहे. २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणांची ड्रोननं मोजणी होते आणि ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे कागद नव्हता, त्यांना पहिल्यांदाच मिळकत पत्रिका मिळते आहे. या पत्रिकेवर बँक कर्ज देते, खरेदीविक्री होते. चौकशीत ग्रामपंचायतीतल्या जुन्या नोंदी पाहिल्या जातात, आणि त्या नोंदीत असतं कुणाचं नाव? बहुतेक ठिकाणी थोरल्या भावाचं किंवा वारलेल्या बापाचं. एकदा पत्रिका त्या एका नावानं झाली की पुढच्या दोन-तीन पिढ्यांचा निकाल लागला. चौकशीच्या वेळी घरात कोण कोण जन्मलं, हा एक प्रश्न त्या अधिकाऱ्यानं विचारला आणि सगळ्या मुलामुलींची नावं लिहून घेतली, तर जे पन्नास वर्षांच्या कायद्यांनी झालं नाही ते एका फेरीत होईल.

हक्कसोडपत्राबद्दल माझी मागणी स्पष्ट आहे. मृत्यूनंतर एक वर्ष उलटल्याशिवाय मुलीकडून हक्कसोड नोंदवून घेऊ नये. दुःखात आणि गर्दीत घेतलेली सही स्वखुशीची नसते. निबंधकानं तिला एकटीला बसवून तिच्या हिश्शाचं क्षेत्र आणि बाजारभावानं होणारी किंमत तिला वाचून दाखवावी, रुपयांत, आणि मग विचारावं. वाटा सोडायचाच असेल तरी परत यावं लागलं तर राहण्याचा हक्क वेगळा राखून ठेवल्याची ओळ प्रत्येक दस्तात सक्तीची असावी. आणि गोव्यासारखं, निम्म्या हिश्शापुरतं तरी मुलीला मृत्युपत्रानं डावलता येऊ नये, कारण कायदे सुधारले तसे मुलींना वगळणारी मृत्युपत्रंही वाढली, हे गावातल्या कुठल्याही दस्तलेखकाला विचारा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं एकत्र राहणाऱ्या बहिणीलाही घराबाहेर काढण्यापासून संरक्षण दिलं आहे. पण संरक्षण मागायला आधी भांडण व्हावं लागतं, आणि ज्या घरात भांडण नाही, नुसतं विचारावं लागतं, तिथं त्या कायद्याचा उपयोग नाही.

आमचं घर आता पूर्वीचं राहिलं नाही. २०१५ मध्ये दादानं पुढचा भाग पाडून स्लॅबचं बांधलं. सोप्याला फरशी आली, बळद गेलं. परड्याकडची धाकटीची खोली जुन्याच भिंतींची आहे, तिथं अजून सारवण होतं. तिचा मुलगा आता साताऱ्यात नोकरीला आहे. आईनं १९९८ मध्ये हक्कसोड केलं नव्हतं. विधवेचं नाव राहू द्या, असं तेव्हा सगळ्यांनी ठरवलं होतं, त्यामुळं तिचा वाटा तिच्याच नावावर राहिला. ती आता ८३ वर्षांची आहे.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं भावंडं तिच्या खाटेशेजारी बसलो होतो. विषय मीच काढला, आवाज कापत होता माझा. दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "परड्याची खोली तिचीच आहे की. मी कधी नाही म्हटलंय का?" वहिनी दारात उभी होती, तीही म्हणाली, "आमचं कधी काही म्हणणं नव्हतं." धाकटी खाली बघत होती.

आई कुशीवर वळली आणि दादाला म्हणाली, "तोंडानं नगं. लिवून आणा, मग माझा आंगठा घ्या."